मुग्धाचं माप, माझं माप

३ फेब्रु., मंगळ
काकांनी आज मुग्धाला स्वतःचा मायक्रोमीटर दिला. एकोणीस वर्षं मी त्यांच्या गॅरेजात आहे, मला कधी त्याला हात लावू दिला नव्हता. ही पुण्याची इंजिनीअर येऊन जेमतेम दीड महिना. "बेटा, आरामसे. कॅमशी जबरदस्ती चालत नाही." बेटा! जेवण गेलं नाही.

५ फेब्रु., गुरु
बेटमा गावच्या वकीलसाहेबांची जुनी गाडी आली. व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, कॅमशाफ्ट, झिजलाय, नवा बसवायचा. चहाच्या वेळी मुग्धा त्यांना समजावत होती. कॅमचा उंचवटा किती उचलतो ते एक माप. मध्ये रॉकरची तरफ असते, त्यामुळे व्हॉल्व्ह त्याहून जास्त उघडतो, ते दुसरं. नुसता एक आकडा बघून कॅम घेऊ नये. वकीलसाहेब मान डोलावत होते. गेल्या खेपेला हेच मी सांगत होतो तर म्हणाले, "भिया, कित्ते दिन लगेंगे वो बताओ."
जळतो मी तिच्यावर. लिहूनच टाकलं.

७ फेब्रु., शनि
काकांचा जुना कायदा. व्हॉल्व्ह किती उघडणार ते दोघांनी वेगवेगळं मोजायचं, चिठ्ठीवर लिहायचं, दाखवायचं नाही. चिठ्ठ्या जुळल्या तरच इंजिन जोडून झाकण बंद करायचं.
कॅम ७.२ मिमी उचलतो. रॉकर दीडपट, अनुभवावरून. म्हणजे १०.८. एवढं असेल तर पिस्टनला खाच पाडावीच लागणार, नाहीतर व्हॉल्व्ह त्याला टेकेल. लिहिलं.
मुग्धा हात धुवायला गेली. तिची चिठ्ठी पाहिली. ९.३६. रॉकर १.३ पट धरलाय, कंपनीच्या तक्त्यावरून. शिकलेली बाई, तिचंच बरोबर असणार. आणि काकांसमोर मीच चुकलो तर...
माझी फाडली. ९.४ लिहिलं. अगदी तंतोतंत नको म्हणून.
काका खूश. "वा, मिल गया! खाच नको. बंद करा इंजिन."

९ फेब्रु., सोम
मुग्धा पार्ट आणायला विजय नगरला गेली होती. वरचं झाकण काढून रॉकर मोजला. दीडपटच. तिने पुढच्या मॉडेलचा तक्ता पाहिलाय. आधी आनंदच झाला, खोटं कशाला लिहू. मनात काकांचा चेहरासुद्धा पाहून घेतला. मग लक्षात आलं, चिठ्ठी माझीही तीच आहे.
इंजिन हाताने फिरवलं. टेकत नाही, पण नखाएवढीही जागा नाही. जोरात रेस दिली की आपटणार. व्हॉल्व्ह वाकेल, पिस्टन जाईल. सांगायचं तर चिठ्ठी पाहिली हेही सांगावं लागेल.

१० फेब्रु., मंगळ
सांगायचंच ठरवून काकांकडे गेलो. "काका, वकीलसाहेबांचा तो कॅम..."
"अरे हां, उद्या गाडी तूच चालू कर. मी मुग्धाला म्हटलं होतं, तू कर. ती म्हणते, नको, सुधीरभाऊंनीच करावी; तक्त्याबद्दल मलाच शंका होती, त्यांचं माप जुळलं म्हणून गप्प बसले."
वकीलसाहेब उद्या सकाळी अकरा वाजता येतायत. काकांना बरं म्हणून आलो.