भाकर मऊ राहील तिथवर

माय, काल मी सुरतहून विमानात बसले. तू असतीस तर आधी विचारलं असतंस, "संगे भाकर बांधी का नही?" बांधली होती. त्या भाकरीसाठीच तर गेले होते.

अजून डोळ्यांपुढे आहे, सुरतेतल्या आपल्या उधन्याच्या खोलीत स्टोव्ह भरभरतो आहे, भिंतीपलीकडे कापडाचे लूम खटखटत आहेत आणि तू दुधात पीठ मळते आहेस. प्रवासाची भाकर दुधातच मळायची, म्हणजे ती वाळत नाही. मला बघायला नागपूरचे लोक येऊन गेले आहेत. मुलगा चांगला, नोकरी पक्की. पिठातून हात न काढता तू म्हणतेस, "जठलगुन भाकर मऊ ऱ्हास, तठलगुनच पोर देवानी." नागपूर त्या हिशेबात बसलं नाही. मला तू जवळच चलथाणला दिलंस. साखर कारखान्याच्या वासातून चालत तू दारात यायचीस, तेव्हा हातातलं फडकं अजून कोमट असायचं. मी मनातून चिडायचे, मुलगी दिली आहे की डबा लावला आहे! पण ते फडकं सोडताना मला सासर कधी परकं वाटलं नाही, हेही खरं.

आता माझी लेक बंगळूरला नोकरी करते. तिथल्याच एका मुलाशी लग्न करून तिथंच राहायचं म्हणते. ह्यांनी सगळं माझ्यावर ढकललं, "तू बघून ये, तू म्हणशील तसं." मी तिला फोनवर तुझा नियम ऐकवला. ती हसतच सुटली. "मम्मी, हजार किलोमीटर असू दे ने! फ्लाइट दोन तासांची पण नाही. आपल्या गावाकडची धुळ्याची बस किती वेळ खाते? तू भाकर घेऊन ये. वाळलेली निघाली तर मी सुरतला परत येते, बस!" पोर तुझ्यावर गेली आहे, बोललेला शब्द मागे घेणार नाही.

विमान वर चढलं तेव्हा तापीचं एक वळण दिसलं, मग उसाचे हिरवे तुकडे, मग नुसतं पांढरं. मांडीवर फडक्याची ऊब होती. वाटलं, तू शेजारीच बसली आहेस, डोक्यावर पदर घेऊन, आणि एवढं पीठ कोणी सांडलं म्हणून बाहेर बघते आहेस. खाली ना गाव, ना स्टेशन, कशावरून म्हणावं की आपण लांब चाललो? मी तुझ्याशी बोलतच होते, तेवढ्यात उतरायचं आलं.

तिच्या खोलीवर तो मुलगाही आला होता. तिने फडकं सोडलं, भाकर बोटांनी दाबली, घडी घातली. मोडली नाही. "बघ, पोचीच आहे, एकदम मऊ!" म्हणत तिने अर्धी त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती नुसतीच खाल्ली आणि आणखी मागितली. मग मी हो म्हटलं. हसलेसुद्धा.

हे पत्र कुठे पाठवणार? डब्यात, तुझ्या त्या जुन्या फडक्याखाली राहील. लेकीला सांगता येत नाही ते तुला सांगते. काल पहाटे दूध ओट्यावरच होतं, माय. मी पीठ साध्या पाण्यात मळलं. वाटेत भाकर वाळावी म्हणून.