रेडिओ कारखान्याची सहल

१२ नोव्हेंबर १९९३
मालिनी हो म्हणाली. शेवटी! अंबरनाथचा आमचा रेडिओ कारखाना बंद पडला तेव्हापासून ती त्या रस्त्यानेही जात नव्हती. दोघी एकाच टेबलावर बसायचो — मी सोल्डरिंग करायचे, ती आवाज तपासायची. आता तोच कारखाना लोकांना हिंडून दाखवायचा, मग उल्हासनगरच्या रेडिओ बाजारात न्यायचं. सहलीचा धंदा. सासरे हसले. "बंद कारखाना बघायला कोण येतंय?"

५ डिसेंबर
पहिली सहल. बदलापूरच्या शाळेतल्या मुली. मालकांनी किल्ली दिली होती. बिघडलेला सेट कसा ओळखायचा, ते मालिनीने तोंडाने खरखर काढून दाखवलं. मुली खो खो हसल्या. मग तिने आम्हा कामगार बायकांच्या जागा दाखवल्या — विठा इथे, द्रौपदी तिथे — आणि आमच्या टेबलापाशी पाठ फिरवून उभी राहिली. मीच सगळ्यांना बाहेर आणलं.

२० फेब्रुवारी १९९४
मागच्या सहलीला आलेले ते सफारी सूटवाले गृहस्थ पुन्हा आले. लहानपणी त्यांच्या घरी आपल्याच कारखान्याचा रेडिओ होता म्हणे. मला काय आनंद! मागचं गेट, विहीर, सगळं फिरवलं. मालिनीने बाजूला ओढलं. "वृंदा, हा मशीनकडे बघतच नाहीये. जमीन बघतोय."
"तुला ना, प्रत्येक माणसात खोट दिसते."
परतताना ती एकटीच पुढे निघून गेली.

९ एप्रिल
मालकांनी किल्ली परत मागितली. कारखाना विकला — सफारीवाल्यालाच. "ताई, तुमच्यामुळे गिऱ्हाईक मिळालं." आभार मानत होते.

१० एप्रिल
मालिनीला सांगितलं. "बरं," म्हणाली. भांडली असती तर हलकं वाटलं असतं.

३ जून
कारखान्याच्या छपराचे पत्रे उतरवले. आमचं टेबल टेम्पोत उलटं पडलेलं, पाय वर. कशाला गेले बघायला?

१८ जानेवारी १९९५
तो सफारीवाला बिल्डर निघाला, आणि मालिनीने त्याच्याकडेच नोकरी धरली. आपल्याच जागेवर फ्लॅट दाखवते! मला विठाकडून कळलं. आता तिच्याशी बोलायचंच नाही.

२ फेब्रुवारी
राहवलं नाही. सॅम्पल फ्लॅटमध्ये गिऱ्हाइकांच्या मागे जाऊन उभी राहिले. मालिनी हॉल दाखवत होती. मला बघून अडखळली. मग त्यांना म्हणाली, "इथं आधी रेडिओ बनायचे. ह्या वृंदाताईंनी बनवलेत."
सगळे माझ्याकडे वळले.
"सांग ना गं," मालिनी म्हणाली.