सामाईक गमबूट आणि माझ्या नावावरचा शेरा

प्रति,
मा. अधीक्षक,
रुग्णालय धुलाईगृह.

विषय : 'नखांची बुरशी हिने कामावर आणली' हा शेरा माझ्या नोंदींतून काढण्याबाबत व प्रत्येकीस स्वतंत्र गमबूट मिळण्याबाबत.

संदर्भ : 'पुढील आदेशापर्यंत कामावर येऊ नये' असे कळविणारे आपले पत्र, दि. ३.

महोदय,

१. मी दुसऱ्या पाळीत चादरींच्या हौदावर सहा वर्षे काम करीत आहे. पहिल्या पाळीत त्याच हौदावर माझी थोरली जाऊ असते. तिच्याच शब्दावर मला हे काम मिळाले, हे मी नाकारीत नाही. हौदापाशी गमबुटांचा एकच जोड आहे. दोन वाजता ती तो काढते आणि मी तसाच ओला, तिच्या पायांच्या उबेसकट घालते.

२. गेल्या वर्षी माझ्या उजव्या अंगठ्याचे नख कडेने पिवळे पडले, मग जाड होऊन त्याचा भुगा पडू लागला. जावेला दाखविले. ती म्हणाली, "अगं, बूट चावतोय. दुसरं काय?" आणि तिने लाल नेलपॉलिश आणून माझी दहाही नखे आपल्या हाताने रंगविली. तेव्हा मला भरून आले होते, हे लिहिताना आज लाज वाटते.

३. दि. १ रोजी परिचारिकाबाईंनी सर्वांचे पाय तपासले. जावेची नखे स्वच्छ निघाली. माझा रंग पुसल्यावर खालचे सगळे दिसले. तेव्हा जाऊ सर्वांदेखत म्हणाली, "आमच्या घरात कुणाला नाही. हिनेच कुठून तरी आणलंय." तेच बोलणे शेरा होऊन आपल्या पत्रात आले आहे.

४. त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंनी नखाचा तुकडा तपासणीस पाठविला. बुरशीच निघाली. रक्त तपासून त्यांनी तीन महिन्यांच्या गोळ्या दिल्या. नवे नख पूर्ण येण्यास वर्ष-दीड वर्ष लागेल. हा माझ्या अस्वच्छपणाचा दोष का, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "पाय दिवसभर ओल्या बुटात कोंडलेले, त्यात बूट दुसऱ्याचे. कुणालाही होईल. पाय कोरडे ठेवा, मोजे रोज बदला, नेलकटर वेगळं ठेवा. आणि बूट बदला, नाहीतर बरं झालेलं परत होईल."

५. गोळ्या घेताना औषधवाला सहज म्हणाला, "दोन वर्षांपूर्वी तुमच्या जाऊबाईंनी ह्याच घेतल्या होत्या. आली ना त्यांची नखं छान?" ती मोज्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून बूट घालते, त्याचे कारण मला त्या वेळी कळले. मी विचारले की "गार लागतं गं" म्हणायची. पिशवी घालताना तिला ठाऊक होते, नेलपॉलिश लावताना ठाऊक होते, आणि रोज दोन वाजता बूट माझ्यापुढे सरकविताना ठाऊक होते.

६. घरी विचारले. माझ्याकडे पाठ करून भांडी विसळीत ती म्हणाली, "मला कामावरून काढलं असतं गं." मला काढतील हे तिच्या मनात आले नाही, की येऊनही चालले, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. तिच्यावर कारवाई व्हावी अशी माझी मागणी नाही. आमचे बोलणे बंद आहे, ती घरातली बाब आहे.

७. लिपिकांनी "पुरावा जोडा" असे सांगितल्याने कापलेले नख लिफाफ्यात जोडले आहे. उरलेला पुरावा अंगठ्यालाच असून तो सुटा करता येत नाही.

८. काल हा अर्ज देण्यास आले असता, माझ्या जागी घेतलेली नवी बाई तेच बूट पायांत चढवीत होती. तिला कोणी काही सांगितले नव्हते. मी तिला सारे सांगितले आणि बूट उचलून घेऊन गेले. त्यामुळे दुसऱ्या पाळीच्या चादरी धुवायच्या राहिल्या. ही चूक माझी आहे, तिला बोल लावू नये. माझ्या शेऱ्याचा निर्णय आपण सवडीने घ्यावा, परंतु तिला नवे गमबूट आज दोनच्या आत मिळावेत. तिचे माप पाच आहे. मी विचारून घेतले आहे.

आपली नम्र,
(सही)
धुलाई कामगार, दुसरी पाळी
दि. १५

सोबत : तपासणी अहवाल, गोळ्यांची चिठ्ठी, नख (लिफाफ्यात), गमबूट एक जोड (बांधून).