चकलीची बरणी

प्रिय गिरी,

रागात आहे, तरी प्रियच लिहिलं. हाताला सवय आहे, त्याला मी काय करू! पाकीट घ्यायला पोस्टात गेले, तर काउंटरवरचा माणूस पत्ता बघून हसला. अम्मा, एकाच गावात जयनगरहून व्हाइटफील्डला कुणी पत्र लिहितं का, मुलाला फोन करा की, म्हणाला. त्याला काय सांगू, माझा मुलगा फोनच्याच कंपनीत आहे आणि आईचा नंबर दिसला की कापतो? म्हणून हे पत्र. हे कापता येत नाही. फाडता येतं, पण आधी वाचशील आणि मग फाडशील, एवढी मी तुला ओळखते. लहानपणी रुसून पांघरूण घेऊन पडायचास, तेव्हासुद्धा एक डोळा उघडा असायचा.

आईने ऑफिसात माझं नाक कापलं, असं तू मित्रांना सांगत फिरतोस म्हणे. बरं, कापलं. भर शोरूममधून मी ती बरणी उचलून नेली हे खरं आहे, आणि परत तशी वेळ आली तर परत नेईन. माफी मागायला मी लिहीत नाही, हे आधीच सांगून ठेवते. एका नंबरासाठी म्हातारीने एवढा तमाशा केला, असं तू म्हणालास आणि बॅग भरून गेलास. तो नंबर मला कशाला हवा होता, हे मात्र तुम्हा दोघांपैकी कुणी कधी विचारलं नाही. ना तू, ना तुझ्या अप्पांनी.

तुमच्या दोन कंपन्यांची मारामारी मी वर्षभर बघते आहे. आधी त्या दुसऱ्या कंपनीची पोरं यायची, उकाड्यात टाय लावून, घामाने थबथबलेली. मग तुमची कंपनी आली आणि तू तिच्यात लागलास. मी गल्लीभर पेढे वाटले, खोटं कशाला बोलू? मग तुझ्या साहेबांनी टूम काढली, नवं गिऱ्हाईक राहू दे, त्यांचंच फोडून आणा. मोबाइलमधलं जुनं सिम कार्ड आणून द्या, आमचं फुकट घ्या. पण कार्ड बदललं की नंबर बदलतो, आणि ज्याचा नंबर दुकानाच्या पाटीवर रंगवलेला आहे तो कसा हलेल? त्यावरही तुम्ही तोड काढलीत. पाटी आम्ही रंगवून देऊ, व्हिजिटिंग कार्डं आम्ही छापून देऊ. फोर्थ ब्लॉकात तुमचा पेंटर शिडी खांद्यावर टाकून दारोदार फिरत होता. डोकं चालवलंत, मान्य आहे. आणि फोडून आणलेली सगळी कार्डं शोरूमच्या काउंटरवर काचेच्या बरणीत टाकायची, येणाऱ्याजाणाऱ्याने बघावीत म्हणून. ती बरणी माझी, चकलीची. न विचारता नेलीस. दिवाळीच्या चकल्या मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरल्या आणि त्या मऊ पडल्या, ते वेगळंच.

सगळ्या जयनगरची कार्डं त्या बरणीत पडली, फक्त आईचं पडेना. ऑफिसात तुला चिडवायचे, घरचं गिऱ्हाईक दुसरीकडे आणि हा बाहेर शिकार करतो. मला कळत होतं रे तुझं. रोज जेवताना मागे लागायचास. तुझ्या होळिग्यांच्या, पुरणपोळ्यांच्या खोक्यांवर नवा नंबर छापून देतो, नवा सेट देतो, आई, हो म्हण ना. मी नाही म्हणायचे. का नाही, ते सांगायला तोंड उघडलं की समोर तुझे अप्पा पेपर घेऊन बसलेले. त्यांच्यासमोर ते सांगण्यासारखं नव्हतं. मग मी म्हणायचे, माझा हट्ट आहे असं समज.

आणि तू काय केलंस? दिवाळीच्या ऑर्डरींची गडबड, माझे दोन्ही हात कोपरापर्यंत पुरणात, आणि तू म्हणालास, आई, स्वल्प मोबाइल बघू. मी म्हटलं, घे. मला वाटलं कुणाचा नंबर हवा असेल. संध्याकाळी हसत हसत चिठ्ठी माझ्या पुढ्यात ठेवलीस. हा तुझा नवा नंबर, लक्षात ठेवायला सोपा. जुनं कार्ड कुठे आहे विचारलं, तर बरणीत. अय्यो, गिरी! मी आरडाओरडा केला तर अप्पा म्हणाले, बाई, एवढं काय त्यात, मुलगा बढती मिळवतोय. शोरूमला दिवाळीची सुट्टी होती. उघडलं की आणून देतो म्हणालास. शोरूम उघडलं, तू आज आणतो, उद्या आणतो करत राहिलास. मी रोज संध्याकाळी तुझ्या खिशाकडे बघायचे.

शेवटी मी पदर खोचला आणि निघाले. काउंटरवरची मुलगी विचारते, मॅडम, कुठली स्कीम बघताय? मी म्हटलं, ती बरणी माझी आहे, झाकणावर नाव कोरलंय बघ, अंबुबाई. तिने वाचलं आणि बाजूला सरकली. दारावरचा माणूस पुढे आला, त्यालाही झाकण दाखवलं. तू काचेच्या आत फोनवर होतास, मला बघून उभा राहिलास, पण साहेब समोर होते म्हणून बाहेर आला नाहीस. त्यातलं माझं कार्ड कुठलं, मला काय कळणार? सगळी सारखीच. म्हणून बरणीच काखेत मारली, रिक्षा केली आणि त्या दुसऱ्या कंपनीच्या काउंटरवर पालथी केली. तिथली मुलगी आधी घाबरली, मग तिला हसू आवरेना. कार्डांच्या मागचे बारीक आकडे कॉम्प्युटरवर बघून बघून तिने माझं शोधून काढलं. तेवढ्यात त्यांचा मॅनेजर धावत आला. बाकीची राहू देत का इथे, म्हणाला, हात जोडून. मी म्हटलं, कार्डं तुमच्याच कंपनीची, मला कशाला हवीत? बरणी तेवढी द्या.

पुढचं तुला माहीत आहे. त्यांनी एकेकाला गाठून सवलत दिली, आपला पेंटर पाठवून जुने नंबर परत रंगवून घेतले. मंडपवाल्या फत्तेसिंगच्या पाटीवर रंगाचे इतके थर बसलेत की आता तिथे कुठलाच नंबर धड वाचता येत नाही. आणि फत्तेसिंग परत तिकडे गेला म्हणून फुलवाला गेला, सनई वाजवणारे ओलगवाले गेले. लग्नं लावणारे भीमाचार्य भटजी तर उपरण्यातून मोबाइल काढून मला म्हणाले, अंबुबाई, लग्नं आपण सगळे मिळून लावतो, मग तुम्ही जिकडे तिकडे आम्ही. मी कुणाला या म्हटलं नव्हतं. साहेब तुला सगळ्यांसमोर बोलले, हे ऐकून मला वाईट वाटलं. आई आहे मी. पण लाज वाटली नाही, तेही लिहिते.

आता ऐक, कशासाठी. आपल्या घरातल्या फोनला कुलूप आहे. कधीपासून, ते तुला माहीत आहे. तुझ्या अक्काने देवाप्पाशी लग्न केलं, आपल्यातला नाही म्हणून अप्पांनी तिचं नाव टाकलं, आणि त्याच आठवड्यात फोनच्या डायलला कुलूप लागलं. किल्ली त्यांच्या जानव्याच्या गाठीला. फोन वाजला की उचलणार तेच, आणि पलीकडे संयोगिता असली की न बोलता खाली ठेवणार. तू तेव्हा कॉलेजात होतास, तुला ते बरंच वाटलं असेल, घरात भांडण थांबलं म्हणून. मी मात्र फत्तेसिंगचा जुना मोबाइल घेतला, होळिगे लाटून मिळवलेल्या पैशांतून. ऑर्डरींसाठी लागतो असं घरात सांगितलं. नंबर तिच्यापर्यंत फत्तेसिंगनेच पोचवला, त्याचे मंडप होसकोटेपर्यंत जातात.

मग फोन यायला लागले. तुझे अप्पा बँकेत पेन्शनच्या गप्पा मारायला जायचे त्या वेळेला. पलीकडून कुणी बोलायचं नाही. श्वास ऐकू यायचा, बूथबाहेरचा बसचा हॉर्न ऐकू यायचा. आपल्या पोरीचा श्वास कळत नाही का? मी विचारायचे नाही, कोण म्हणून. मीच बोलायचे. आज कोडबळे केले, तीळ जास्त झाले. गिरीला नोकरी लागली. परसातला मोगरा फुलला. येणाऱ्या फोनलाही पैसे पडतात, ते पडू देत म्हणायचे. कितीतरी महिने असंच चाललं, आणि एके दिवशी ती म्हणाली, आई, पुरण चाळणीतून काढतात की पाट्यावर वाटतात? मी म्हटलं, चाळणीतून, आणि गरम असतानाच. त्यानंतर बोलायला लागली. पण भेटायला येऊ म्हटलं की शपथ घालायची. अप्पांनी बोलावल्याशिवाय तू येऊ नकोस, माझ्यापायी तुझं घर मोडायला नको, म्हणायची.

तू कार्ड काढलंस त्या दिवसांत तिने फोन केला होता. तिला दिवस गेलेत, गिरी. ते सांगायला. एकदा केला, परत केला, दर वेळी पलीकडून बाईचा आवाज, हा ग्राहक उपलब्ध नाही. तिला वाटलं, आईनेही दार लावलं. माझं कार्ड परत आलं, पण तिचा फोन आला नाही. मी मोबाइल पोळपाटाशेजारी ठेवून लाटायचे. नाहीच आला. मग शपथ गेली खड्ड्यात म्हटलं, आणि मंडपाचे खांब घेऊन निघालेल्या फत्तेसिंगच्या टेंपोत पुढे बसून होसकोटेला गेले. देवाप्पाचा कारखाना विचारत विचारत घर सापडलं. तिने दार उघडलं, हे एवढं पोट, आणि मला बघून पहिलं काय म्हणाली? आई, नंबर का बंद केलास? मी तिला धरलं आणि दोघी उंबऱ्यातच रडलो. देवाप्पा बिचारा पाण्याचा तांब्या घेऊन उभा, कुणाला द्यावा कळेना त्याला.

परत आल्यावर तुझ्या अप्पांना सांगितलं, येत्या रविवारी तिचं डोहाळजेवण, याच घरात, आणि बाळंतपणही इथेच. ते म्हणाले, कुणाला विचारून? मी म्हटलं, परक्यांच्या लेकींची डोहाळजेवणं माझ्या होळिग्यांनी झाली, माझ्या लेकीच्या ताटाला मी परवानगी मागणार नाही. ते म्हणाले, मग मी घरात नसेन. मी म्हटलं, सरी, ठीक आहे, जाताना फोनचं कुलूप घेऊन जा. तेव्हापासून बोलत नाहीत, पण अजून गेलेले नाहीत. लोक म्हणतात, नवं साल लागलं की सगळे कॉम्प्युटर बंद पडणार. पडू देत. माझी चूल पेटलेली असेल.

तर हे पत्र तुझी समजूत काढायला नाही आणि घरी ये म्हणायलाही नाही. त्या दिवशी दारात संयोगिताने मला आणखी एक विचारलं होतं. गिरीने मुद्दाम केलं का, अप्पांच्या सांगण्यावरून? मी तिला माझ्या गळ्याची शपथ घेऊन सांगितलं, नाही, त्याला काहीच माहीत नव्हतं. ते खरं होतं, म्हणून तिने ऐकलं. डोहाळजेवणाला माहेरची हिरवी साडी भावाने आणायची असते. बरणी धुऊन पुसून ठेवली आहे, आत चकल्या भरल्या आहेत, तिला कुरकुरीत आवडतात. रविवारी ती पाटावर बसेल आणि दाराकडे बघेल. तू नाही आलास तर साडी मी नेसवीन, माझे हात काही मोडलेले नाहीत. पण गिरी, ती परत विचारेल, मुद्दाम आला नाही का, आणि आता त्याला माहीत नव्हतं असं मला तिला सांगता येणार नाही. तू हे पत्र वाचलं आहेस.

तुझीच, बरणीसकट,
आई