पट्टीबाहेरचा पाय

चि. धाकटीस,

ताईचे आशीर्वाद. माझा नुकसानभरपाईचा अर्ज नामंजूर झाला, म्हणून हे पत्र. एरवी फोन केला असता, पण फोनने काय होतं ते पुढे येईलच. तुझ्या घोट्याची चौकशी करत नाही, कारण परवा तू दोन-दोन पायऱ्या उतरताना मी खिडकीतून पाहिलं.

घरून काम तू करतेस, मीही करते. तू चहा करायला उठलीस आणि पाय मुरगळला, तर तो कामावरचा अपघात ठरला, सहा आठवडे पगारी रजा, वर कंपनीची खुर्ची (मानेला उशी असलेली. मी बसून पाहिली. बरी आहे). मी पडले, तर ते घरगुती. सगळं त्या पिवळ्या पट्टीमुळे. कामाची जागा जमिनीवर पट्टी चिकटवून दाखवा, फोटो पाठवा, असा दोघींच्याही ऑफिसांचा नियम. तू ओट्यापासून मोरीपर्यंत सगळं आत घेतलंस (मेहुण्यांचा पलंग तेवढा बाहेर). मी पदवीधर बाई. नियम दोनदा वाचला आणि टेबल-खुर्चीपुरती जागा आखली, तीही फूटपट्टी लावून.

विम्याचे तपासनीस आले, मी कशी पडले ते मोजलं. डोकं आत, पाय बाहेर. लागलं कुठे, म्हणाले. पायाला, म्हटलं. “अरेरे, डोक्याला लागलं असतं तर काहीतरी करता आलं असतं.” वर माझ्या आखणीचं कौतुक केलं, इतकी सरळ पट्टी त्यांनी कुठे पाहिली नव्हती. तुझ्याकडेही तेच आले होते, म्हणून तुझी कशी होती ते विचारलं. नागमोडी, म्हणाले. नागमोडीला खुर्ची मिळते.

मला हेवा वाटतो असं मनात आणू नकोस. मला फक्त प्लास्टर आहे आणि बिनपगारी रजा.

तुझी,
ताई

ता. क. सोमवारी फेरसुनावणी आहे. ऑफिसच्या कामासाठी पट्टी ओलांडली असं दिसलं, तर पाय आत धरतात. मी दिवाणावर चार्जिंगला लावलेला फोन घ्यायला उठले होते. फोन तुझाच आला होता, खुर्ची आल्याचं सांगायला. तो ऑफिससंबंधी होता, एवढ्यावर सही कर. खुर्ची ऑफिसचीच आहे, तेव्हा त्यात खोटं काही नाही.

आणखी एक ता. क. मेहुण्यांच्या हाती दिलं: निवेदन एक, सहीच्या जागी पेन्सिलीची फुली. तुझ्याकडून आणलेली काठी परत दिलेली नाही. तुला लागत नाही, मी पाहिलं आहे. तुझ्याकडूनच आणलेली पिवळी पट्टी, गुंडाळी एक, परत. माझ्या टेबलापासून दिवाणापर्यंत जाऊन परत येण्याइतकी कमी भरेल.