डाव्या कडेला ताई

२ फेब्रुवारी, रविवार

पायांचे तुकडे पडलेत. आठवडाभर लॉण्ड्रीच्या काउंटरवर उभी, आणि हाताशी एक रविवार, तोही आज फोटोग्राफीच्या वर्गात गेला. लेकीचा हट्ट — आई, स्वतःसाठी काहीतरी कर. स्वतःसाठी मला झोपायचं होतं!

कॅमेरा तिचाच जुना. मागचा पडदा फुटलाय, म्हणून तर माझ्या वाट्याला आला. सरांना मात्र आनंद झाला. पडदा नाही तेच उत्तम म्हणे, छोट्या खिडकीला डोळा लावायची सवय लागेल. सर वर्तमानपत्रातून निवृत्त झालेले, आवाज अजून धावपळीतलाच. कोपरं बरगड्यांना टेकवा. श्वास रोखा. बटण हळूच दाबा, ते काही दारावरची घंटा नाही. आणि दाबण्याआधी चौकटीच्या चारही कडांवरून एकदा नजर फिरवा. बाकीचं डोक्यावरून गेलं.

शेजारी एक काका बसले होते. त्यांची लेन्स हातभर लांब आणि फोटो फक्त स्वतःच्या कुत्र्याचे.

५ फेब्रुवारी

आईला दादाकडे पाठवायचं ठरलं. एक मार्चला तो न्यायला येईल. मला आता झेपत नाही. रात्रीचं उठणं, तिची आंघोळ, औषधं, वर दिवसभर उभं राहणं. हे लिहितानासुद्धा लाज वाटते, पण नाहीच झेपत.

ताईला फोन केला. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे ठरवून झालं, मग मला कळवलं." पुढे नुसतं हं, हं.

आईने एकच गोष्ट मागितली. दोघी लेकी आणि मध्ये ती, असा फोटो. तिकडे उशाशी ठेवायला.

९ फेब्रुवारी, रविवार

सरांनी सगळ्यांचे फोटो भिंतीवर मोठे करून दाखवले. माझा बागेतला बाक छान आला होता — आणि डाव्या कडेला कचऱ्याचा डबा. लॉण्ड्रीतली इस्त्रीवाली झकास, पण डावीकडून कुणाचा तरी नुसताच हात आत आलेला. मॅडम, कडा बघितल्या होत्या का? म्हटलं, बघितल्या. खरंच बघितल्या होत्या! वर्ग हसला. कुत्रेवाले काका सगळ्यात जास्त.

१० फेब्रुवारी

तोच बाक आज फोनवर काढून पाहिला. फोनवर डबा आधीच दिसतो, कॅमेऱ्यात मागाहून उगवतो. कॅमेराच माझ्या वाईटावर आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

ताई आली. इस्त्री केलेली साडी, ओठ घट्ट मिटलेले. आईला खुर्चीत बसवलं, ताई तिच्या एका बाजूला, माझी जागा दुसऱ्या बाजूला मोकळी. कॅमेरा स्टुलावर, खाली दोन उशा. खिडकीला डोळा लावला, कडा बघितल्या, टायमर लावला आणि धावले. माझं ते धावणं बघून आईला हसू आवरेना. ताईसुद्धा हसली. किती दिवसांनी! तीनदा काढला.

जाताना ताई कार्ड घेऊन गेली. मी छापून आणते, चौकटही माझ्याकडून, म्हणाली. बरं वाटलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

वर्गाला गेले नाही.

सकाळीच ताईचा फोन. तिन्ही फोटोंत आई पूर्ण, मी पूर्ण, ती अर्धी. डाव्या कडेला अर्धा चेहरा आणि एक खांदा. मी म्हटलं, अगं चुकून झालं असेल.

"एकदा झालं तर चुकून. तीनदा कापलंस मला. आईचं सगळं तूच ठरवतेस, फोटोत तरी मला पूर्ण ठेवायचंस."

फोन ठेवला तिने. मी भांडी घासत बसले. मला रडायचाही कंटाळा आला होता.

१९ फेब्रुवारी

ताई फोन उचलत नाही. आई रोज विचारते, फोटो आला का गं? मी म्हणते, छापायला दिलाय. थापा मारायचंही एक काम वाढलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

हे नीट लिहून ठेवते.

दुपारी इस्त्रीची वाफ उजव्या डोळ्यात गेली. घरी आले तेव्हा डोळा चुरचुरत होता. आई खुर्चीत बसल्या बसल्या पेंगत होती, उजेड सुंदर पडला होता. म्हटलं, एक काढू. नेहमी उजवा डोळा लावते, आज डावा लावला. तर चौकटीत आईच्या डावीकडे कपाट! अख्खं कपाट!

उजवा लावला. आईच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. कपाट नाही. काळं वगैरे काही नाही, भिंतच पुढे गेल्यासारखी वाटते आणि तिथेच कड संपली असं वाटतं. पुन्हा डावा. कपाट. मग कॅमेरा खाली ठेवला, नुसत्या हाताने एकेक डोळा झाकून पाहिला. तेच. दोन्ही उघडे असले की काहीच कळत नाही, एक डोळा दुसऱ्याचं झाकून नेतो.

ताई त्या कपाटापाशीच उभी होती. मी तिला कापलं नव्हतं. ती मला दिसलीच नव्हती.

खूप भीती वाटतेय.

२४ फेब्रुवारी

अर्धी रजा काढून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. यंत्रात हनुवटी टेकवून बसायचं, ठिपका चमकला की बटण दाबायचं. मला वाटलं मी सगळे दाबले. डॉक्टरीणबाईंनी कागद दाखवला — एका बाजूला काळोखच.

काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढतो, दुखत नाही, खुपत नाही, नजर कडेकडेने जाते. गेलेली परत येणार नाही. राहिलेली थेंबांनी टिकेल. डावा अजून चांगला आहे. एरवी लोक फार उशिरा येतात, तुम्हाला कसं कळलं, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, फोटो बिघडले.

निघताना म्हणाल्या, सख्खं भावंड असेल तर त्यालाही लगेच दाखवा, हे रक्ताच्या नात्यात असतं. दादाला बाहेरूनच कळवलं. तिकडे दाखवतो म्हणाला. ताईला चार फोन केले. उचलला नाही.

२५ फेब्रुवारी

आईच्या फोनवरून केला. आईचा उचलते! रागाबिगाचं काही बोललेच नाही, माझ्या डोळ्याचं आणि फोटो का कापला गेला तेवढंच सांगितलं. म्हटलं, ताई, आधी डोळे दाखव, मग हवी तितकी भांड. डॉक्टरांचा पत्ता विचारून घेतला तिने. मग म्हणाली, तू चल बरोबर.

२८ फेब्रुवारी

ताईच्याही उजव्या डोळ्यात आहे. अगदी सुरुवात, अजून काहीच गेलेलं नाही. वेळेवर आणलंत, असं डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या.

थेंबांच्या दोन सारख्या बाटल्या घेऊन आम्ही दुकानाच्या पायरीवर बसलो. घरी जाऊन आईचा फोटो काढायचा होता, डाव्या डोळ्याने. पण दोघींनाही उठवेना. ताईने माझा हात धरला.

"बरं झालं कापलंस मला," ती म्हणाली.