होडीतून उतरायची तालीम

प्रिय कप्तान,

तुझ्या कंपासपेटीचा आवाज मला अजून ऐकू येतो. बाई समुद्राची कविता चालीवर म्हणायला लावायच्या आणि तुला शब्द काही आठवायचे नाहीत. मग तू बाकाखाली ती पत्र्याची पेटी वाजवायचास, टण् टणक् टण्, आणि अख्खा वर्ग तुझ्या ठेक्यावर वाहवत जायचा. समुद्र तेव्हा आपण दोघांनीही पाहिला नव्हता. पुढे तू खरंच तिकडे जाऊन राहिलास, जिथे डोंगर थेट पाण्यात उतरतो आणि रस्ता म्हणून काही नाही, होडी हाच रस्ता. मी मात्र दुकानात लोकांच्या चष्म्यांच्या काचा घासत बसलो. ज्याला कविता पाठ तो राहिला गल्लीत आणि ज्याला एक ओळ येत नव्हती तो जाऊन बसला लाटांशेजारी, हा कुठला न्याय, असं तुझी वहिनी मला नेहमी विचारते.

तुझ्याकडे येऊन राहायचा बेत तिचाच. संध्याकाळचा चहा झाला की आम्ही तो काढून बसतो. तुझ्या दोन खोल्यांपैकी नारळांकडची तिची. खाट दाराच्या समोर हवी, म्हणजे पडल्या पडल्या पाणी दिसेल. मी तिच्यासाठी रुंद कडेची गवती टोपी आणली, तर आरशात बघून म्हणाली, मी यात पोस्टमन दिसते. माझा चष्मा पाण्यात पडला तर काय, असं मी विचारलं, त्यावर म्हणाली, जन्मभर चष्मे विकलेत ना, मग बांधा की दोरी. आमच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत आणि सांडपाण्याचा नळ एवढंच दिसतं. त्या भिंतीवर ओल आली आहे. तिच्या कडेकडेनं हवेतच बोट फिरवून ती मला दाखवते, ही भावोजींची खाडी, हा तो खडक, आणि इथे आपण बसायचं.

तिचं डावं अंग गेल्याला बराच काळ झाला, ते तुला ठाऊक आहेच. तू लिहिलं होतंस की तुझ्याकडे धक्का नाही, होडी नुसती वाळूला नाक लावते, आणि दोन लाटांच्या मधे होडीवाला ‘आता!’ म्हणून ओरडला की कडेवरून पाय टाकून गुडघाभर पाण्यात उतरायचं. दोघं गडी तिला खुर्चीसकट उचलून आणतील, असंही तू सुचवलंस. ते मी वाचून दाखवलं मात्र, ती उसळलीच. मला उचलून न्यायला मी काय कपाट आहे? येईन तर माझ्या पायांनी उतरेन. झालं, त्या दिवसापासून आमची तालीम सुरू झाली. खाट म्हणजे होडी. खाटेच्या कडेला मी फळी उभी केली, खाली ओला टॉवेल पसरला, म्हणजे पावलाला पाण्याची सवय. तिच्या काखेत हात घालून मी मागून ओरडायचो, आता! खालच्या मजल्यावरची मावशी एकदा घाबरून वर आली, काय पडलं म्हणून. ही तिला म्हणाली, काही नाही हो, समुद्र आहे. आणि एका दुपारी तो पाय खरंच फळीवरून पलीकडे गेला. टॉवेलवर उभी राहून ही लहान पोरीसारखी हसली. त्याच दिवशी मी तुला ते मोठं उत्साहाचं पत्र लिहिलं.

त्यानंतरचं तुला लिहिलेलं नाही. तिला पुन्हा झटका आला. लहानसाच, पण जे थोडं परत मिळालं होतं ते घेऊन गेला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीनं तिला तपासलं आणि मला जिन्यात बोलावून हळू आवाजात सांगितलं, काका, आता पायाचा हट्ट नको, त्यांना टेकून बसवता आलं तरी पुष्कळ. मी खुर्चीचं विचारलं, झोळीचं विचारलं. ती म्हणाली, हा जिनासुद्धा त्यांना झेपायचा नाही, आणि तुम्ही होडीचं काय घेऊन बसलात? मी आत आलो. काय म्हणाली, असं हिनं विचारलं. प्रगती आहे म्हणाली, असं मी सांगितलं.

आता तालीम अशी होते. ती पडलेली असते, मी उशाशी उभा राहून आता! म्हणतो, आणि चादरीखाली काहीच हलत नाही. मग ती थोड्या वेळानं म्हणते, आज लाट मोठी होती हो, उद्या बघू. तिला सगळं कळलंय आणि ती मला सांभाळून घेते आहे, की खरोखरच उद्याची वाट बघते आहे, हे इतक्या वर्षांच्या संसारानंतरही मला ओळखता येत नाही. विचारायची छाती होत नाही.

म्हणून हे पत्र. तू तिला एक चिठ्ठी लिही, तिच्या नावानं, ठळक अक्षरात. होडी कायमची बंद झाली म्हण, खोल्यांचं छप्पर उडालं म्हण, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला दिली म्हण. काहीही खोटं चालेल, फक्त नकार तुझ्याकडून येऊ दे. ती तुला शिव्या देईल, समुद्राला नावं ठेवेल, चार दिवस माझ्याशी बोलणार नाही. ते मी सोशीन. पण त्या पायाला तिनं दोष देऊ नये, एवढंच मला हवं आहे. नारळांकडची खोली आता खरंच कुणालातरी दे. आम्ही येत नाही.

तुझाच,
पाठांतरवाला

ता. क. पाकीट शोधत होतो, तेवढ्यात दार वाजलं. कडी काढली तर तू! दाढी केलेली, पायात चक्क बूट, आणि हातात माझं ते उत्साहाचं पत्र. मी तोंडावर बोट ठेवेपर्यंत तू उंबऱ्यातूनच ओरडलास, वहिनी, न्यायला आलोय! आणि आतून तिचा आवाज आला, थांबा हं भावोजी, आधी केस विंचरू दे. तू खाली बसून नाड्या सोडतो आहेस, तेवढ्यात हे खरडतोय. आत जाण्याआधी एवढं वाच.